अर्धा ठोका

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला लिफ्ट नवव्या आणि दहाव्या मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि आत मी एकटाच होतो. तशी ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. बंगळुरात रोज शंभर लिफ्ट अडकत असतील आणि माणसं वैतागून फोन काढत असतील. पण मी त्या इमारतीचा लिफ्टमन. चौदा वर्षं त्याच स्टुलावर बसून लोकांना वरखाली नेतो आहे. त्याआधी सतरा वर्षं आमच्या गावच्या सोन्याच्या खाणीत वाइंडिंग ड्रायव्हर होतो, म्हणजे जमिनीवरच्या इंजिनघरात बसून माणसांनी भरलेला पिंजरा पोलादी दोराने दीड मैल खाली सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढायचा. सगळी उमेद दोराच्या वरच्या टोकाला गेली. चालत्या लिफ्टमध्ये हे कधी लक्षात आलं नव्हतं, पण ती थांबल्यावर एकदम कळलं की आता मी खालच्या टोकाला लोंबकळतो आहे आणि वर कोणीही बसलेलं नाही. मी घाबरलो. छपन्न वर्षांच्या माणसाला शोभत नाही, पण घाबरलो.

लाल बटण दाबलं तर जाळीतून एका मुलीचा गोड आवाज आला. तक्रार नोंदवली आहे, मेकॅनिक निघाला आहे, कृपया शांत राहा. मी शांतच होतो. पंखा बंद पडला होता, दिवा चालू होता, आणि आरशात माझं तोंड मला बघत होतं. त्यानंतर हाताने जे केलं ते मला न विचारता केलं. खिशातली किल्ली काढून त्याने लिफ्टच्या भिंतीवर तीन ठोके दिले. आमच्या खाणीत घंटेचे तीन ठोके म्हणजे पिंजऱ्यातून माणसं यायची आहेत. खालून तीन आले की वरून ड्रायव्हरने तीननेच उत्तर द्यायचं, म्हणजे ऐकलं, सावध आहे. मग माणसं नीट आत चढली की खालून एक येतो, आणि त्या एका ठोक्यावर ओढायचं. तो एक येईपर्यंत जग बुडालं तरी दांड्याला हात लावायचा नाही, कारण कोणाचा पाय अजून बाहेर असला तर तो तिथेच राहील. मी तीन दिले आणि कान देऊन बसलो. कुठूनच काही आलं नाही. तेव्हा मला मुनिरत्नम आठवला, खाणीत खालून घंटा देणारा. खरं तर तो सकाळपासून आठवतच होता, मी टाळत होतो.

सकाळी नळावर त्याची बायको पुष्पम भेटली होती. आमच्या खोल्यांच्या ओळीत त्यांचं घर माझ्यापासून तिसरं. "एळुमलै अण्णा, त्यांना आता आडवं पडता येत नाही," ती म्हणाली. "उशी मांडीवर घेऊन बसलेले असतात. डॉक्टर म्हणाला, आता मोजके दिवस. एकदा येऊन जा. शेवटी तुम्ही दोघं एका घंटेची माणसं." मी हो हो म्हटलं आणि बादली अर्धीच भरून निघालो, गाडी चुकेल म्हणून. गाडीला अजून अर्धा तास होता. पुष्पमलाही ते ठाऊक होतं.

आमचं गाव आता पहाटे रिकामं होतं. निम्मं गाव अंधारात स्टेशनवर जातं आणि अंधारातच परततं. पेपरवाले त्याला बंगळूरचं उपनगर म्हणतात. उपनगर म्हणजे काय तर जिथे माणसं फक्त झोपायला येतात, असा मी त्याचा अर्थ लावला आहे. माझा पणजोबा उत्तर अर्काटहून पायी आला तेव्हा इथे साहेबांचे तंबू आणि साप होते. मग साहेबांचे बंगले झाले, क्लब झाला, गवत नसलेलं गोल्फचं मैदान झालं, आणि आमच्यासाठी बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्यांच्या ओळी झाल्या. गावाला एकच घड्याळ होतं, ते म्हणजे भोंगा. आम्ही त्याला शंख म्हणायचो. शंख झाला की पाळीची माणसं शाफ्टकडे, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीकडे जायची, आणि बायका म्हणायच्या, तो खाली गेलाय. कामावर गेलाय असं कोणी म्हणत नसे. आणि माणूस घरी आला की बायको दारातच विचारायची, "वर आलास?" खाण बंद होऊन सतरा वर्षं झाली, शाफ्ट पाण्याने भरले, दोराची चाकं भंगारात गेली, तरी हे शब्द तसेच आहेत. कोणी बंगळुरात कपड्यांच्या कारखान्यात जातं, कोणी मॉलच्या दारात उभं राहतं, पण ते सगळे खालीच जातात. बंगळूर आमच्यापेक्षा थोडं उंचावर आहे म्हणे. त्याने काही फरक पडत नाही. रात्री स्टेशनवरून येताना दारादारातून तोच प्रश्न ऐकू येतो. मला विचारणारी माझी बायको वडिवू चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी लग्न होऊन होसूरला आहे, तिथे असं विचारायची पद्धत नाही. मी कुलूप काढतो, आणि कधी कधी स्वतःलाच विचारतो, आणि मग लाज वाटून दिवा लावतो.

एकटेपणाची मला सवय असायला हवी होती. इंजिनघराच्या दारावर पाटीच होती, ड्रायव्हरशी बोलू नये. आठ तास कोणी बोलायचं नाही. समोर खोली दाखवणारी मोठी तबकडी, हातात दांडा, पायाखाली ब्रेक, आणि डोक्यावर घंटा. ज्यांना मी खाली सोडत होतो त्यांची तोंडं मला दिसत नसत आणि खालची खाण मी जन्मात बघितली नाही. पोरं चिडवायची, "हा आपला ड्रायव्हर, गाडी खाली आणि गाडीवान घरात." मी हसायचो. खरी गोष्ट अशी की मला खाली जायची भीती वाटत होती. माझा बाप खाली गेला आणि वर आला तो चादरीत. म्हणून मी परीक्षा देऊन वरची नोकरी धरली. मुनिरत्नम खालच्या तळावर घंटेवर होता. बारा वर्षं तो तिथे आणि मी इथे, मध्ये दीड मैल खडक आणि एक तार, खाली ओढली की वर घंटा वाजायची. मला त्याचा हात ओळखू यायचा. त्याचे तीन म्हणजे दोन झटपट आणि तिसरा किंचित उशिरा, जसं काही बोलताना मध्येच आठवून तो शब्द टाकतो आहे. बाकीच्या घंटेवाल्यांचे ठोके म्हणजे नुसते ठोके. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

शहाण्णव साली दुपारच्या पाळीला, चारच्या सुमारास, एअरब्लास्ट झाला. खाली खडकावरचा ताण सुटला की खडक फुटतो, त्याला आम्ही हेच म्हणतो. ओळीतल्या खोल्यांत फळीवरची भांडी पडतात आणि बायका कामं टाकून शाफ्टकडे पळतात. भांडी आमच्याकडे वर्षातून दहादा पडायची, तरी दर वेळी पळायच्या. त्या दिवशी इंजिनघराच्या छताची पांढरी माती माझ्या दांड्यावर पडली आणि तबकडीची काच तडकली. मिनिटभराने घंटा वाजली. तीन. दोन झटपट, तिसरा उशिरा. मी तीन दिले. मग मी एकची वाट बघू लागलो. अकरा मिनिटं एक आला नाही. बाहेर बायका जमल्या होत्या, त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि पाटीवर लिहिलं होतं ड्रायव्हरशी बोलू नये, म्हणून कोणी आत येत नव्हतं. अकराव्या मिनिटाला स्वच्छ एक आला, पण तो परका हात होता. मी पिंजरा ओढला. आत मुनिरत्नमचा धाकटा भाऊ जयपाल होता, चोवीस वर्षांचा. पोटात दगड घुसला होता. वर आला तेव्हा अंग ऊन होतं, इतकंच. तो एक दिला होता वरच्या लेव्हलवरून, म्हणजे खाणीतल्या वरच्या मजल्यावरून उतरलेल्या माणसाने; त्यालाच मुनिरत्नम तारेखाली बेशुद्ध सापडला. खांदा निखळलेला, डोकं फुटलेलं.

आता लिफ्टमध्ये मला अकरा मिनिटं म्हणजे काय ते कळत होतं. पाचव्या मिनिटाला मी शर्टाची बटणं काढली. सातव्या मिनिटाला वाटलं, वर कोणीतरी बसलाय आणि त्याला मी इथे आहे ते ठाऊक आहे आणि तो मुद्दाम ओढत नाही. मेकॅनिक गर्दीत अडकला असेल हे समजत होतं. पण समजणं वेगळं आणि लोंबकळणं वेगळं. मी किल्लीने एक दिला. नियमाबाहेर होतं, तीनचं उत्तर आलं नव्हतं. तरी दिला. मग आणखी एक द्यायला गेलो तर किल्ली घामात निसटली आणि भिंतीला नुसती टेकली. वाजलं नाही. नुसतं टक् झालं. तो आवाज ऐकला आणि मी स्टुलावरून खाली बसलो, कारण तोच आवाज होता.

त्या दिवशी तीननंतर मिनिट व्हायच्या आत घंटेची हातोडी हलली होती. वाजली नव्हती. तार कुठेतरी दगडाखाली दबली असणार, त्यामुळे हातोडी उचलली गेली आणि घंटेला लागेपर्यंत तिचा जोर संपला. टक्. अर्धा ठोका. मी ऐकला. ठोका नीट कळला नाही तर परत विचारायचं, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. मी फक्त तीन पुन्हा दिले असते, तर वर विचारतायत हे खाली कोणालातरी कळलं असतं. कदाचित मुनिरत्नमने पुन्हा तार ओढली असती. पण मी गोठलो. मनात आलं, कानाला भास झाला असेल. मनात आलं, कोणाचा पाय बाहेर असेल. मग एक मिनिट गेलं, दोन गेली, आणि त्यानंतर विचारणं म्हणजे आधी का नाही विचारलं ते सांगणं झालं असतं. चौकशीला टेबलापलीकडे तीन माणसं होती, चहा होता. तीननंतर काही ऐकलंस का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, नाही. एका शब्दाने वेळ मारून नेली. कागदावर लिहिलं गेलं की घंटेवाल्याने इशारा दिला नाही. मुनिरत्नमला घंटेवरून काढून ड्रिलवर टाकलं. तिथे पाच वर्षं त्याने दगडाची धूळ गिळली, आणि तीच आता छातीत बसली आहे.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर तो एकदा मला रस्त्यात भेटला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने विचारलं, "ड्रायव्हर, माझा हात तुला कळला नाही?" मी म्हणालो, घंटा वाजलीच नाही रे. तो मान खाली घालून गेला. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही बोललो नाही. एका नळाचं पाणी, एकच ओळ, वडिवूच्या मयताला तो आला आणि मागे उभा राहून गेला. मी समजून चाललो होतो की त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मला माफ करत नाही. तसं समजणं मला बरंही वाटत असावं.

अठरा मिनिटांनी दार उघडलं. मेकॅनिक हसत होता. "काय अंकल, तुम्हीच अडकलात? घाबरलात?" मी म्हटलं, हो. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं, त्याने मला हात धरून उतरवलं. सुपरवायझरला सांगितलं, आज मी जातो. तो म्हणाला, दुपारी लोड असतो, कोण बसणार. मी स्टुलाकडे बोट दाखवून निघालो. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

दुपारच्या गाडीत डब्यात मी आणि एक कोंबडीवाला होतो. गावात उतरलो तर ऊन इतकं की डोळे चुरचुरले. आपलं गाव कामाच्या दिवशी भर उन्हात बघून मला किती वर्षं झाली, ते आठवेना. चोरून कोणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटलं. राखेच्या रंगाच्या वाळूच्या टेकड्या तशाच होत्या, सोनं काढून टाकलेल्या दगडाच्या, आणि त्यांच्या पायथ्याशी चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. कमानीवर सोनेरी अक्षरांत काहीतरी हिल व्ह्यू लिहिलेलं. बंगळूरपासून फक्त दोन तास. ज्या टेकडीवर पावसाळ्यातसुद्धा गवत धरत नाही तिचा देखावा विकत घ्यायला माणसं येणार होती. शाफ्टच्या तोंडावर काँक्रीटचं झाकण टाकलं आहे, त्याच्यावर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी जरा थांबलो. ओळीत शिरलो तर घराघराला कुलुपं, आणि उघड्या दारांतून फक्त खोकले. आमची म्हातारी माणसं अशी दिवसभर एकमेकांना खोकून दाखवतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुष्पमने मला दारात बघितलं. पदर सावरून बादली उचलली आणि नळावर गेली, दुपारी नळाला पाणी नसतं तरी. मुनिरत्नम खाटेवर उशी कवटाळून बसला होता. खांदे कानांपर्यंत आले होते, मान आत गेली होती. श्वास ओढताना आतून करवत चालल्यासारखा आवाज यायचा.

"कोण?"

"मी. एळुमलै."

"दिवसा?" तो म्हणाला. मग श्वास घेतला. "काढून टाकलं काय तुला?"

मी सांगितलं, लिफ्ट अडकली, आत मीच होतो.

"मग? ओढलं कोणी?"

"मेकॅनिकने. अठरा मिनिटांनी."

"अठरा." त्याने मनात हिशेब केला. "म्हणजे सात जास्त."

मला वाटलं होतं की आधी तब्येत विचारीन, पाणी मागीन, आणि मग हळूहळू विषय काढीन. ते काही झालं नाही. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. तीननंतर अर्धा ठोका आला होता. पहिल्याच मिनिटात. मी ऐकला होता. चौकशीत नाही म्हणालो, आणि तुला रस्त्यातही खोटंच सांगितलं. बोलताना मी त्याच्या पायांकडे बघत होतो, सुजून चकचकीत झाले होते. मी शिवीची वाट बघत होतो. उशीने मारलं असतं तरी चाललं असतं.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

"माझाच होता? हात?"

"तिथे दुसरं कोण होतं?"

त्याने उशी छातीशी ओढली. मग तुटक तुटक बोलला, आणि मला प्रत्येक शब्दासाठी थांबावं लागलं. "मला आठवत नव्हतं, ड्रायव्हर. जयपालला आत ठेवला. तीन दिले. तुझे तीन आले. तिथवर आठवतं. मग एकदम हॉस्पिटल. सगळ्यांना सांगत होतो, ओढली, मी तार ओढली. अम्माच्या पायावर हात ठेवून सांगितलं. पण आतून मला माहीत नव्हतं. म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, वाजली नाही. म्हटलं, हा शुद्धीवर होता. याला माझा हात कळतो. हा म्हणतो नाही, म्हणजे नाहीच ओढली मी."

मी म्हणालो, मला वाटायचं तू माझ्यावर रागावून बोलत नाहीस.

"तुझ्यावर कशाला रागावू? तुला तोंड दाखवायची लाज वाटायची."

हे ऐकल्यावर माझ्या घशातून जो आवाज आला तो मला आवरता आला नाही. रडलो म्हणतात तसं ते नव्हतं, पण रडलोच. जयपालचं मरण एक वेळ दगडाच्या माथी मारता आलं असतं. ही बावीस वर्षं मात्र माझीच होती. त्याने मला थांब म्हटलं नाही आणि गप्प बस म्हटलं नाही. फळीवरच्या स्टीलच्या पेल्याकडे बोट केलं.

"कसा आला होता? वाजवून दाखव."

मी पेला घेतला. वाजू नये म्हणून काठ डाव्या मुठीत घट्ट धरला आणि उजव्या हाताच्या नखाने मारलं. टक्. त्याने डोळे मिटले होते. "आणखी," तो म्हणाला. मी आणखी वाजवला. "आणखी." किती वेळा ते मी मोजलं नाही. दर ठोक्याला त्याचा उजवा हात उशीवर थोडासा ओढला जात होता, खालच्या दिशेने, तार ओढतात तसा. त्याच्या ते लक्षात नसावं. मग तो आणखी म्हणेनासा झाला. पेला मी खाटेवर त्याच्याजवळ ठेवला. झोपला असं समजून उठलो आणि चपला घालायला दाराशी गेलो.

मागून पेला वाजला. दोन झटपट, तिसरा उशिरा. बावीस वर्षांनी तोच हात, जरा अशक्त. मी दारात उभा होतो. किल्ली काढली आणि चौकटीवर तीन दिले.

आता त्याने एक द्यायचा होता. तो मिळाल्याशिवाय हलायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलो. तो डोळे मिटून बसला होता, हात पेल्यावर. पुष्पम रिकामी बादली घेऊन परत आली, तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चूल पेटवली. ऊन टेकडीमागे गेलं, अंधार पडला. स्टेशनकडून माणसं यायला लागली आणि ओळीत एकेक कुलूप निघू लागलं. दारादारातून बायका विचारत होत्या, वर आलास, वर आलास.

"अण्णा," पुष्पम हळूच म्हणाली, "घरी नाही जायचं?"

"त्याने अजून सांगितलं नाही," मी म्हणालो.